भांडायला घर हवे : मराठी कथनपरंपरेतील भावंडे

१

‘भावंड’ हा मराठीतील एक विलक्षण शब्द आहे. तो नपुंसकलिंगी आहे. भाऊ म्हटले की पुरुष आणि बहीण म्हटले की स्त्री समोर येते. भावंड म्हटले की लिंग बाजूला पडते आणि एका आईबापांच्या पोटी येऊन एका छपराखाली, एका पंक्तीत वाढल्याची वस्तुस्थिती तेवढी उरते. भाषेने अशी समान भूमी शब्दात तयार करून ठेवली असताना आपल्या कथनपरंपरेने तिचा उपयोग फारच कमी केलेला दिसतो. बहीण-भाऊ या जोडीविषयी मराठीत अमाप लिहिले, गाइले आणि सांगितले गेले आहे. एका घरात वाढणारी, हेवेदावे करणारी, भांडून पुन्हा एकत्र जेवायला बसणारी भावंडे मात्र या परंपरेत शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे. ही उणीव प्रतिभेची आहे, असे मला वाटत नाही. तिचे मूळ घराच्या इतिहासात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या विचारासाठी नांदेड जिल्ह्यातील धर्माबादसारखे गाव सोयीचे ठरते. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव मराठी आणि तेलुगू या दोन भाषांच्या सांध्यावर आहे. येथून बासरचे सरस्वतीचे देऊळ हाकेच्या अंतरावर, पण ते आज दुसऱ्या राज्यात. बाजारात दोन्ही भाषा चालतात आणि पुष्कळ घरांचे माहेर एका भाषेत तर सासर दुसऱ्या भाषेत असते. तेलुगूत थोरला भाऊ ‘अन्न’ आणि धाकटा ‘तम्मुडु’, थोरली बहीण ‘अक्क’ आणि धाकटी ‘चेल्लेलु’. म्हणजे वयाचा क्रम नात्याच्या नावातच गोवलेला. मराठीत भाऊ-बहीण हे शब्द वयाबाबत मुग्ध आहेत. थोरला-धाकटा ही विशेषणे वरून लावावी लागतात. ज्या संबोधनांत मराठी माणूस वडीलकी व्यक्त करतो, त्यांपैकी ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही द्राविडी भाषांशी असलेल्या जुन्या शेजारातून आलेली आहेत. एका भाषेत क्रमाला महत्त्व, दुसरीत स्त्री-पुरुष भेदाला. आणि दोहोंच्या मध्ये ‘भावंड’ हा तटस्थ शब्द. नात्याची ही व्याकरणे वेगळी असली, तरी दोन्हीकडच्या मुलीने घर सोडावयाचे हे समानच होते. साहित्याच्या रूपबंधावर या समान गोष्टीचाच परिणाम अधिक झाला.

२

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहण्याचे निमित्त मराठीबाहेरचे आहे. गेल्या तीनचार दशकांत दूरचित्रवाणीवर रेखाचित्रांतून सादर होणारी कौटुंबिक विनोदी मालिका हा प्रकार जगभर रुजला. त्यातील एक अत्यंत दीर्घायुषी मालिका म्हणजे ‘द सिम्पसन्स’. १९८७ मध्ये दुसऱ्या एका कार्यक्रमातील छोट्या तुकड्यांच्या रूपाने ती सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८९ पासून अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका बनली. तिच्यातील १३ नोव्हेंबर १९९४ रोजी प्रथम प्रसारित झालेला ‘लिसा ऑन आइस’ हा भाग भावंडांच्या नात्याविषयी आहे. बार्ट दहा वर्षांचा, लिसा आठ वर्षांची. अभ्यासात हुशार असलेली लिसा व्यायामाच्या विषयात नापास होण्याच्या बेतात असते आणि योगायोगाने बर्फावरच्या हॉकीत ती उत्तम गोलरक्षक असल्याचे उघड होते. तोवर खेळ ही बार्टची मिरासदारी. दोघे प्रतिस्पर्धी संघांत जातात. बाप या चुरशीला खतपाणी घालतो. जिंकेल त्याचे कौतुक आणि हरेल त्याची उपेक्षा, असा त्याचा उघड व्यवहार. अखेरच्या सामन्यात चार सेकंद उरले असताना बार्टने लिसावर गोल मारावयाचा, असा प्रसंग येतो. त्या क्षणी दोघांना बालपणीचे प्रसंग आठवतात. ती हातातील साधने टाकून एकमेकांना मिठी मारतात आणि सामना बरोबरीत सुटतो. प्रेक्षक मात्र दंगल करतात.

या भागाची रचना तीन गोष्टींवर उभी आहे. पहिली गोष्ट समान घर. भांडणारे दोघेही त्याच घरात झोपतात, त्याच टेबलावर जेवतात. दुसरी गोष्ट समान हक्क. बापाच्या कौतुकावर दोघांचाही दावा आहे आणि तो दावा मुलीने करावा यात कोणालाच वावगे वाटत नाही. तिसरी गोष्ट काळाची. ही मुले वाढत नाहीत. तीन दशकांहून अधिक काळ बार्ट दहाचा आणि लिसा आठचीच आहे. प्राचीन ग्रीक प्रेमकथांविषयी लिहिताना बाख्तीनने ‘साहसकाळ’ ही संकल्पना मांडली होती. त्या कथांत संकटांमागून संकटे येतात, पण नायक-नायिकांच्या वयावर त्या काळाचा काहीही ठसा उमटत नाही. कौटुंबिक विनोदी मालिकेतील काळही असाच आहे, फरक एवढाच की येथे साहसाच्या जागी घरगुती कुरबूर आहे. काल झालेले भांडण आज शिल्लक नसते. यामुळेच ते विनोदी राहू शकते. भांडणाचे परिणाम साचत गेले, तर विनोदाची शोकांतिका व्हायला वेळ लागत नाही.

म्हणजेच भावंडांच्या भांडणाचा विनोद हा एक महाग रूपबंध आहे. त्याला दोघांचे मिळून एक घर लागते, दोघांनाही दाव्याचा अधिकार लागतो आणि एकत्र घालवावयाचा भरपूर वेळ लागतो. मराठी परंपरेतील बहिणीजवळ यांपैकी काय होते, हा आता पुढचा प्रश्न.

३

‘एपिसोड’ हा प्रकार आपल्याला नवा नाही. श्रावणातील कहाणी हा त्याचा अस्सल देशी अवतार आहे. ठरलेला वार, ठरलेला श्रोतृवर्ग, ठरलेले ‘आटपाट नगर’, मध्ये एक बिघाड आणि शेवटी सारे पुन्हा जागच्या जागी. प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांच्या संदर्भात दाखविलेली उणिवेपासून उणीवपूर्तीपर्यंतची चाल येथेही सापडते. कहाणी वर्षानुवर्षे तीच ऐकली जाते आणि तिच्यातील माणसेही वाढत नाहीत.

या कहाण्यांत शुक्रवारची कहाणी बहीण-भावाच्या नात्यावरची म्हणून विशेष महत्त्वाची आहे. बहीण दरिद्री, भाऊ श्रीमंत, दोघे एकाच नगरात. भावाने सहस्रभोजन घातले. सगळ्या गावाला बोलावणे, बहिणीला नाही. मुलांच्या हट्टापायी ती न बोलावता जाते. तिची वस्त्रे-भूषणे नीट नाहीत, लोक हसतात, म्हणून भाऊ तिला पुन्हा येऊ नको असे बजावतो आणि पुढे एकदा तर हाताला धरून पंक्तीतून बाहेर घालवतो. यथावकाश व्रताच्या पुण्याईने बहीण संपन्न होते. आता भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो. बहीण पाटावर बसते, अंगावरची वस्त्रे आणि दागिने काढून मांडते आणि एकेक पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवते. भाऊ विचारतो, हे काय चालले आहे? ज्यांना तू बोलावलेस त्यांना मी जेवू घालते आहे, असे तिच्या उत्तराचे तात्पर्य. भाऊ खजील होतो, क्षमा मागतो.

बहिणीने भावाला त्याच्याच घरात, त्याच्याच पंक्तीत दिलेले हे उत्तर मराठीतील भावंडविनोदाचा उत्कृष्ट नमुना आहे. यात नाट्य आहे, उपरोध आहे आणि नेमकी कृती आहे. पण या विनोदाची किंमतही पाहिली पाहिजे. बहीण बोलू शकली ती श्रीमंत झाल्यावर. दरिद्री असताना तिच्याजवळ शब्द नव्हते. शिवाय ती कोणत्या घरात बोलते? आपल्या नव्हे, भावाच्या. तेथे तिची जागा आमंत्रणावर अवलंबून आहे. लिसाला आपल्या घरात जेवायला कोणी बोलवावे लागत नाही. कहाणीतील सारा संघर्ष मात्र ‘बोलावणे’ या एका क्रियेभोवती फिरतो. बाप मेला, घर भावाचे झाले, आणि बहीण त्याच घरात पाहुणी झाली, हे कहाणीचे न सांगितलेले पूर्वसूत्र आहे. कहाणी ते सांगत नाही, कारण ते सांगावे असे तिच्या श्रोत्यांना वाटतच नव्हते. तो जगाचा नियम होता.

लोकपरंपरेत याच्या उलट बाजूची कथाही आहे. श्रीकृष्णाच्या बोटाला जखम होते. चिंधी मागितली तर सख्खी बहीण सुभद्रा उंची वस्त्र फाडायला तयार होत नाही आणि मानलेली बहीण द्रौपदी आपले भरजरी वस्त्र फाडून देते. येथे दोष बहिणीच्या पदरात पडतो. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट लक्षात येते. दोन्हींत कसोटी वस्तूची आहे. कोण कोणाला काय देते, यावर नाते तोलले जाते. सहवास, खोडी, रुसवा यांना तेथे जागा नाही. जे नाते देवघेवीच्या भाषेत बोलते, त्या नात्याच्या मुळाशी वाटणीचा प्रश्न असतो.

४

जात्यावरच्या ओवीत हा प्रश्न अधिक खोल आणि अधिक झाकलेला आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर ना. गो. नांदापूरकरांनी ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ सिद्ध करताना येथील स्त्रियांच्या तोंडची रचना विद्वानांच्या नजरेस आणली. रामकथा ही मुळातच भावंडांची कथा; राज्यावरून भांडण न करणाऱ्या भावांची. बायकांनी ती आपली मानली, यात नवल नाही.

ओवीतील बहीण भावाची वाट पाहते. त्याचे घोडे, त्याची गाडी, त्याचा पागोट्याचा रंग ती दुरून ओळखते. तो मुराळी होऊन येतो, तिला माहेरी नेतो, चोळी-लुगडे देऊन बोळवण करतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती भावासाठी उपवास धरते. या सगळ्या चित्रात एक गोष्ट ठळकपणे गैरहजर आहे: भावाशी भांडण. ओवीत भाऊ जवळजवळ कधीच चुकत नाही. चुकते ती भावजय. माहेरी मान कमी झाला, ताट उशिरा वाढले, चोळी हलकी आली, बोलावणे आले नाही, या साऱ्यांचा दोष भावजयीच्या माथी. आजवर आपण याकडे नणंद-भावजयीच्या स्वाभाविक वैराचे चित्रण म्हणून पाहिले. मला ते पुरेसे वाटत नाही. ही एक स्थानांतराची प्रक्रिया आहे. बहिणीची तक्रार खरे तर भावाविषयी, किंबहुना भावाला सगळे आणि आपल्याला सणाची चोळी देणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे. पण भाऊ दुखावला तर माहेरच तुटते. संकटात पाठीशी उभे राहणारे दुसरे कोणी नाही. तेव्हा तक्रार सुरक्षित ठिकाणी वळवली जाते. भावजय ही परघरची, तिच्यावर रुसता येते. या एका युक्तीने ओवी नातेही सांभाळते आणि दुःखही बोलते. तिच्या काव्यगुणाचा मोठा भाग या ताणातून आला आहे.

मग ओवीत बालपणीचे भांडण का नाही? याचे उत्तर सरळ आहे: बालपणच नव्हते. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न, आणि वयात आली की सासर. बार्टशी भांडणाऱ्या लिसाचे जे वय, ते आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्नाचे वय होते. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, जो शारदा कायदा म्हणून ओळखला जातो, १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरविले. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याला तो आपोआप लागू नव्हता. १९४९ मध्ये हे वय पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर लक्षात घेतले, तरी दिशा स्पष्ट आहे. बहीण-भावाने एका घरात मोठे होणे, ही गोष्ट बहुसंख्य कुटुंबांत विसाव्या शतकातच शक्य होऊ लागली. ओवी ही त्याआधीच्या घराची निर्मिती आहे. तिची बहीण निघून गेलेलीच असते.

याला आणखी एक पदर आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या विभागात ठेवला. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न निषिद्ध, महाराष्ट्रातील अनेक जातींत ते इष्ट, आणि पुढे तेलुगू मुलखात मामा-भाचीचे लग्नही रूढ. धर्माबादसारख्या सीमावर्ती गावांत या दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. याचा अर्थ बहीण-भावाचे नाते बोळवणीपाशी संपत नाही. पुढच्या पिढीत ते व्याह्यांचे नाते होऊ शकते. भावाची मुलगी सून म्हणून मागणे हे अशा समाजात बहिणीचे एक मान्य मागणे आहे. बापाच्या जमिनीत जे तिला मागता येत नाही, त्याची भरपाई ती भाचीच्या रूपाने मागते, असा तर्क करावयास जागा आहे. भावाशी उघड भांडण न होण्याचे हेही एक कारण असावे. उद्याच्या व्याह्याशी कोणी भांडत नाही.

५

या परंपरेत एक अपवाद आहे आणि तो फार मोठा आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. गोदाकाठच्या आपेगावाशी या घराण्याचा संबंध. म्हणजे वरच्या अंगाला का होईना, ही आपल्याच नदीची भावंडे. परंपरेने मुक्ताबाईंच्या मानल्या गेलेल्या ताटीच्या अभंगांची हकीकत सर्वांस परिचित आहे. लोकनिंदेने उद्विग्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. विनवणी म्हटले, तरी तिच्यात आर्जवाबरोबर अधिकार आहे, उपदेश आहे, कानउघाडणीही आहे.

मराठी साहित्यात धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला असे दाराबाहेरून सुनावण्याचा हा प्रसंग जवळजवळ एकमेव आहे. तो शक्य का झाला? आध्यात्मिक अधिकार हे उत्तर आहेच. पण त्याआधीचे भौतिक उत्तरही पाहावे. ही चौघे एका घरात वाढली, कारण त्यांना दुसरे घरच नव्हते. संन्यासातून परतलेल्या बापामुळे समाजाने त्यांना बाहेर टाकले, आईबाप गेले, वाटणीला काही उरले नाही. मुक्ताबाईचे सासर नाही म्हणून तिचे माहेरही नाही. ती पाहुणी नाही, सवाष्ण नाही, भावाच्या चोळीची वाट पाहणारी नाही. ती भावंड आहे, त्या नपुंसकलिंगी शब्दाच्या पूर्ण अर्थाने. समाजाने ज्यांच्यापासून सगळे काढून घेतले, त्याच घरात बहीण-भाऊ समान भूमीवर उभे राहिले, ही या प्रसंगातील विदारक गोष्ट आहे. ती लक्षात न घेता केवळ भगिनीप्रेमाचा गौरव करणे म्हणजे अर्धे वाचन होय.

६

विसाव्या शतकात घर बदलले आणि भावंडे हळूहळू पानांवर येऊ लागली. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) हे बेचाळीस रात्रींत सांगितलेले, म्हणजे पुन्हा एकदा भागाभागांचे कथन. त्यात भावंडे एका घरात आहेत. पण धाकट्या भावासाठी श्यामने कोट शिवून आणण्याच्या प्रसंगाला जोडलेले शीर्षक ‘बंधुप्रेमाची शिकवण’ असे आहे. प्रेम ही येथे शिकण्याची गोष्ट, आणि शिकविणारी आई. दारिद्र्याच्या त्या घरात भांडणाची चैन परवडणारी नव्हती. भांडण झालेच तर ते संस्काराच्या वाटेने लगेच विसर्जित होते.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या घरात मात्र आपल्याला कौटुंबिक विनोदाचा अस्सल रूपबंध मिळाला. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ चे. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर पोहोचविले. काऊ, मोरू, मैना, राघू ही पाखरांची नावे धारण करणारी माणसे एखाद्या व्यंगचित्रातील पात्रांसारखीच ठसठशीत आणि न वाढणारी आहेत. प्रसंग बदलतात, स्वभाव बदलत नाहीत. रेखाचित्रांशिवायच जोश्यांनी रेखाचित्राचे तंत्र साधले होते, असे म्हणावेसे वाटते. तरीही या घराचा केंद्रबिंदू चिमणराव आणि गुंड्याभाऊ या प्रौढ, नात्याने भाऊ असलेल्या पुरुषांची जोडी आहे. मैना आणि मोरू पार्श्वभूमीला राहतात. बापाच्या कौतुकासाठी मैनेने मोरूशी स्पर्धा करावी, ही कल्पना त्या काळच्या विनोदाच्याही कक्षेबाहेर होती.

ती कक्षा ओलांडली गेली तेव्हा विनोद शिल्लक राहिला नव्हता. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त रमाकांत, उमाकांत आणि माणिक ही भावंडे बापासह एका घरात राहतात आणि पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. बहीण येथे प्रथमच पाहुणी नाही. ती घरात राहते, म्हणून ती वाटेकरी आहे, आणि वाटेकरी आहे म्हणून बळीही. त्या काळी वाद झाला तो नाटकातील भाषा आणि हिंसा यांवरून. पण प्रेक्षकाला खरा धक्का बसला तो बहीण-भावाच्या पवित्र प्रतिमेला, असे आज मागे वळून पाहताना वाटते. ओवीने भावजयीवर ढकललेली तक्रार येथे मूळ जागी परतली आणि ती किती भयंकर होती, हे दिसले. १९८५ च्या एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त हेच सूत्र संयमाने येते. बाप गेला आहे, वाडा खचतो आहे, भास्कर, सुधीर, चंदू आणि प्रभा एका छपराखाली जमले आहेत. प्रभाला शिकावयाचे होते. ती शिकली नाही, तिचे लग्नही झाले नाही, ती वाड्यातच राहिली. घर सोडून न गेलेली बहीण म्हणजे काय, याचे इतके शांत आणि अस्वस्थ करणारे चित्र मराठीत दुसरे नाही.

७

येथे साहित्याच्या इतिहासाबरोबर कायद्याचा इतिहास ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस मानले, पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मसिद्ध सहदायित्व मुलाकडेच ठेवले. त्याच कायद्याचे तेविसावे कलम तर आपल्या विषयाचे सूत्रच सांगते. राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करू म्हणतील तेव्हाच. तोवर स्त्री वारसाला ती मागता येणार नाही. मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क, पण तो अविवाहित, टाकलेली, विभक्त झालेली किंवा विधवा असेल तरच. म्हणजे नांदती बहीण घरात पाहुणीच. शुक्रवारच्या कहाणीचे न सांगितलेले पूर्वसूत्र कायद्याने १९५६ साली कलमात लिहून दिले.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. जिल्ह्याचा बाकीचा बहुतांश मुलूख मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. एका जिल्ह्यातील सोयरिकी दोन राज्यांच्या झाल्या. पुढे आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून मुलीला जन्मसिद्ध सहदायित्व दिले. महाराष्ट्राने तेच २२ जून १९९४ पासून दिले. जवळजवळ नऊ वर्षे अशी होती की बासरकडच्या शिवारातील बहिणीला जो हक्क होता, तो धर्माबादकडच्या शिवारातील बहिणीला नव्हता. आणि दोन्ही सुधारणांत एक अट समान होती: कायदा लागू होण्यापूर्वी जिचे लग्न झाले तिला हा हक्क नाही. ओवीने जी रेषा शतकानुशतके गाइली, निघून गेलेली आणि घरात असलेली यांमधली, तीच रेषा कायद्याने अधिकृत केली. ती पुसली गेली ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने. तेविसावे कलमही तेव्हाच रद्द झाले. त्या दिवशी बाप हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

कायदा झाला म्हणून नाते बदलते असे नाही. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावे वारस म्हणून लागतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र तयार होते. बहिणी सही करतात, अंगठा देतात. भाऊ साडीचोळी करतो. हक्कसोडपत्र हा मराठीतील एक लेखनप्रकार मानला, तर बहीण-भावाच्या नात्यावरची सर्वाधिक संहिता आज याच प्रकारात तयार होते आहे, असे म्हणता येईल. त्यात ‘राजीखुशीने’ हा शब्द येतो. तो नेहमीच खोटा असतो असे नाही. मात्र सही नाकारली तर माहेर तुटेल, ही भीती त्या शब्दामागे किती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. ओवी तो हिशेब ठेवीत होती, भावजयीच्या खात्यावर का होईना. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ते खाते बंद झाले.

जात्याची पहाटेची वेळ गेली आणि संध्याकाळी पडद्यासमोर बसण्याची वेळ आली. आज सीमेच्या दोन्ही बाजूंना भाऊ-बहीण पंधरा-अठरा वर्षे एका घरात वाढतात, एका शाळेत जातात, एकाच पडद्यावरून भांडतात. रेखाचित्रांतील मुलांचे हेवेदावे पाहून ती मनापासून हसतात, कारण ते भांडण आता त्यांच्या ओळखीचे आहे. हे हसणे ऐतिहासिकदृष्ट्या अगदी नवे आहे. ओवी गाणाऱ्या पणजीला ते कळले नसते. भावाशी भांडणे हा विनोदाचा विषय असू शकतो, हेच तिला पटले नसते. याला पाश्चात्त्य मालिकांचे अनुकरण म्हणून हिणवणे सोपे आहे. पण या मुलांना हसू येते, ते त्यांच्या बहिणी अजून घरात आहेत म्हणून.

तरीही त्या मालिकांचा काळ आणि आपला काळ यांत एक फरक उरतोच. पडद्यावरची बहीण कधी वाढत नाही, त्यामुळे वाटणीची वेळ येत नाही; मिठी मारली की भाग संपतो. येथे मुले वाढतात. बहीण पंचवीस वर्षांची होते, सासरी जाते आणि एक दिवस तहसीलीच्या गावी कागदावर सही करण्यासाठी तिला बोलावणे येते. एका घरात भांडून वाढलेली ही पहिली पिढी आता त्या कागदापर्यंत पोहोचते आहे. बालपणी ज्या भावाकडून खेळण्यातला आपला वाटा ओरडून मागितला, त्याच्याकडे जमिनीतला वाटा मागताना तिचा आवाज कसा लागतो, हे अद्याप मराठी कथेने, नाटकाने पुरेसे ऐकलेले नाही. तो आवाज कहाणीतील बहिणीसारखा श्रीमंत झाल्यावर फुटणारा नसेल, ओवीसारखा भावजयीकडे वळणारा नसेल, आणि ‘गिधाडे’सारखा केवळ ओरबाडणाराही नसेल, अशी अपेक्षा करावयास जागा आहे. भावंड हा शब्द भाषेने कधीचाच तयार करून ठेवला आहे. त्याला शोभेल असे घर आणि असे लेखन यांची वाट पाहणे आता आपल्या हाती आहे.